तीन हजार व्होल्टचा गृहस्थ

डिसेंबर उजाडला की पुण्यात दोन गोष्टी सुरू होतात. पाषाणला जास्त थंडी की शिवाजीनगरला, यावर भल्या पहाटे कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगतो. आणि मला कोणी हात लावेनासं होतं. पहिल्या गोष्टीचे आकडे रोज पेपरात छापून येतात. हवामान खात्याचं बिऱ्हाड १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि पुणेकर आपल्या थंडीकडे हिमालयाची धाकटी पाती म्हणूनच बघतो. दुसऱ्या गोष्टीची मात्र कुठेही नोंद होत नाही.

गाडीतून उतरून दार लोटायला हात पुढे केला की चट्! ऑफिसच्या लिफ्टचं बटण, चट्! लोखंडी कपाट, बाल्कनीचं ग्रिल, पाण्याच्या कूलरचा नळ, सगळे माझ्यावर टपून बसलेले असतात. मागच्या हिवाळ्यात एका रिसेप्शनला स्टेजवर चढलो. खाली नायलॉनचा गालिचा, अंगात पॉलिस्टरचा ब्लेझर, पायांत रबरी तळव्यांचे बूट आणि भोवती कडकडीत कोरडी हवा. नवरदेवाशी हात मिळवायला गेलो, तर बोटाला बोट लागायच्या आतच ठिणगी उडाली. तो "आई गं!" म्हणून मागे सरकला आणि फोटोग्राफरने नेमका तोच क्षण पकडला. अल्बममध्ये मी नवरदेवाला चिमटा काढतोय असं दिसतं. त्या घराशी आमचे संबंध तेव्हापासून फक्त व्हॉट्सॲपवर आहेत. तिथे शॉक बसत नाही.

घरी हा विषय काढला. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनाही असंच व्हायचं. घराण्यातच आहे ते."

"अगं आई, हे काय आनुवंशिक असतं का?"

"मग टक्कल कुठून आलं?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यात औषधासाठी दुकानापर्यंत जावं लागतं, सल्ल्यासाठी जिना उतरला तरी पुरे. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या." वॉचमनचं मत पडलं, "साहेब, दुसऱ्या बाजूच्या दारानं उतरत जा." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ते काय असेल ते असेल, गेटला हात लावू नका. नुकताच रंग दिलाय." आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका, जे नोकरीत असेपर्यंत फक्त विजेचे इंजिनिअर होते आणि निवृत्त झाल्यापासून सर्वच विषयांचे आहेत, ते चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तुमचं अर्थिंग गेलंय."

हे वाक्य आमच्या घरी कायमचं मुक्कामाला आलं. मला माझा चष्मा सापडला नाही, अर्थिंग गेलंय. दुधाच्या पिशव्या आणायला विसरलो, अर्थिंग गेलंय. एलआयसीचा हप्ता थकला तेव्हा तर आईने दूरच्या मावशीला फोनवरून सांगितलं, "त्याचं ना, ते हे गेलंय."

काका मात्र गंभीर होते. त्यांनी मला समोर बसवलं. (प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. उठताना चट्.) मग सांगायला सुरुवात केली. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटल्या, घासल्या, की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. गाडीची सीट आणि माझी पँट एकत्र बसलेली असतात तोवर हिशेब घरातल्या घरात असतो. मी उतरलो की वाटणी होते. एकाकडे इलेक्ट्रॉन जास्त, एकाकडे कमी. पावसाळ्यात हवेतला ओलावा प्रत्येक वस्तूवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि त्यावरून हा साठा गुपचूप निघून जातो. डिसेंबरात तो रस्ता बंद. पायांत रबर, त्यामुळे जमिनीकडचाही रस्ता बंद. मग सगळा माल माझ्या अंगावर पडून राहतो आणि पहिल्याच धातूवर उडी मारतो.

"हवा विजेला सहसा वाट देत नाही," काका म्हणाले. "एका सेंटिमीटरला साधारण ३०,००० व्होल्टपर्यंत ती तग धरते. मग तिचाही धीर सुटतो. तुम्हाला ठिणगी जाणवली ना? म्हणजे त्या वेळी तुम्ही दोन-तीन हजार व्होल्ट तरी होतात."

"किती?"

"तीन हजार धरा. घरात किती येते? २३०."

म्हणजे मी माझ्या घराच्या तेरापट होतो. लग्नानंतर प्रथमच मला स्वतःबद्दल काहीतरी वाटलं. खाली उतरताना सेक्रेटरी भेटले. त्यांना म्हटलं, "कल्पना आहे का, मी तीन हजार व्होल्टचा आहे!" ते म्हणाले, "मग कमर्शियल रेट लागेल."

माझा हा आनंद काकांनी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपवला. "व्होल्टेजला भुलू नका," ते म्हणाले. "पेठेतलं भांडण बघितलंय ना? व्होल्टेज प्रचंड, करंट नाही. गल्ली दणाणते, पण कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. तुमचं तसंच आहे." (केसांचा उल्लेख त्यांनी टाळला असता तर बरं झालं असतं.) मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित करून दाखवलं. माझ्या अंगावर साठलेली सगळी ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एक वॉटचा दिवा एका सेकंदाला एक ज्यूल खातो. म्हणजे तीन हजार व्होल्टच्या या पुरुषोत्तमाला बाथरूममधला दिवाही पापणी लवेपर्यंत पेटता ठेवता येणार नाही. आणि भिंतीतले ते दिसायला किरकोळ २३० व्होल्ट? "त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या मागे कोयनेपासून सगळी यंत्रणा उभी आहे. तुमच्या मागे काय? पॉलिस्टर."

पाषाणला हवामानशास्त्राची जी मोठी संस्था आहे, आयआयटीएम, तिने 'दामिनी' नावाचं ॲप काढलं आहे. आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडायची शक्यता असली की ते सावध करतं. ढगातली वीज म्हणजे मूळ प्रकार माझाच; फक्त तिथे बर्फाचे कण आणि गारा एकमेकांना घासतात आणि इथे सीटकव्हर आणि पँट. म्हणून मी ते ॲप मोठ्या आशेने घेतलं. गाडीच्या दारापाशी मोबाइल हातात धरून उभा राहिलो. ॲप म्हणालं, तुमच्या परिसरात विजेचा इशारा नाही. दुसऱ्या हाताने दार लोटलं. चट्.

शेवटी उपाय निघाला तो अगदीच साधा. उतरताना बोटांत किल्ली घट्ट धरायची आणि आधी किल्लीचं टोक दाराला लावायचं. ठिणगी किल्लीतून उडते, तुम्ही फक्त बघायचं. बोटाच्या एवढ्याशा टोकाला चावणारा करंट किल्ली धरलेल्या सगळ्या चिमटीत पसरतो आणि काही म्हणता काही जाणवत नाही. दुसरा उपाय म्हणजे सीटवरून उठता उठताच दाराच्या धातूच्या चौकटीला हात धरून ठेवायचा, म्हणजे साठा साठायच्या आतच वाहून जातो. दोन्ही उपाय खरोखर चालतात. अडचण एवढीच, की किल्लीच्या उपायाने मी फार खूश झालो आणि जे दिसेल त्याला किल्ली लावत सुटलो. आपली गाडी, शेजारची गाडी, गेट, पत्र्याची शेड, पाण्याच्या टाकीची शिडी. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचं चित्र आलं. खाली मजकूर होता, 'एक इसम सर्वांच्या गाड्यांना किल्ली लावून बघत आहे. चेहरा स्पष्ट नाही. टक्कल स्पष्ट आहे.' चौदा जणांनी अंगठा दाखवला, त्यात आमच्या घरचे दोन होते.

आपल्यावर ही वेळ आली याचं दुःख करत बसण्यापेक्षा थोरामोठ्यांवर काय काय वेळा आल्या ते वाचावं, म्हणून मी वाचायला घेतलं. फारच दिलासा मिळाला. अठराव्या शतकात युरोपात लायडन जार नावाची काचेची बरणी निघाली. बरणीला आतबाहेर धातूचा पत्रा, आणि त्यात घर्षणाने केलेली वीज साठवायची. साठवल्यावर तिचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती लोकांना द्यायची पद्धत पडली. फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्रीबाबांनी १७४६ साली १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि खुद्द राजासमोर बरणी त्यांच्यातून मोकळी केली. सगळे १८० एकदम हवेत उडाले. राजा खूश. मग त्यांनी हाच प्रयोग साधूंवर केला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आली. सगळे सभासद एका रांगेत, हातात हात. पण लगेच लक्षात आलं की इथे नोलेबाबांचा निभाव लागला नसता. एक तर कोरमच होत नाही. त्यातून पार्किंगच्या वादापासून ज्यांचं बोलणं बंद आहे ते हात धरणार नाहीत, आणि साखळीत एक जरी हात सुटला तरी वीज पुढे जात नाही. सर्किटचा पहिला आणि शेवटचा नियम हाच. आमच्या सोसायटीत १८० काय, तीन माणसांतूनही ती आरपार गेली नसती.

बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट तर मी कात्रण काढून पाकिटात ठेवली आहे. १७५० सालच्या नाताळात या महापुरुषाने टर्की पक्षी विजेच्या धक्क्याने मारायचा बेत केला, कारण तसा मारलेला पक्षी खायला लुसलुशीत लागतो असं त्याचं मत होतं. दोन मोठ्या बरण्या भरल्या, पाहुणे जमले, गप्पा रंगल्या आणि फ्रँकलिनसाहेबांनी बोलता बोलता एका हाताने तार आणि दुसऱ्या हाताने साखळी धरली. पक्षी राहिला बाजूला, बरण्या यजमानात रिकाम्या झाल्या. वाचला. पुढे त्याने भावाला पत्र लिहून सगळं कळवलं आणि ही गोष्ट फार पसरवू नकोस असंही सुचवलं. माझ्या मनात या माणसाबद्दल तेव्हापासून सख्ख्या भावाची भावना आहे.

एवढ्या अभ्यासानंतर मी घरातला विजेचा अधिकारी झालो होतो आणि नेमकी त्याच सुमारास कन्येच्या सातवीच्या विज्ञानात 'स्थितिक विद्युत' आली.

"बाबा, कंगवा केसांवर घासायचा आणि कागदाचे कपटे उचलायचे."

"फारच सोपं," मी म्हणालो आणि कंगवा हातात घेतला. मग सगळं घर माझ्याकडे बघत राहिलं. मीही थोडा वेळ कंगव्याकडे बघत राहिलो.

केसांचा शोध सुरू झाला. आईचे केस आहेत, पण त्यांत सत्तर वर्षांचं खोबरेल मुरलंय. तेलकट केसांवर कंगवा जन्मभर घासला तरी कागद हलायचा नाही. बायकोचे केस नुकतेच धुतलेले, ओले. कन्येने स्वतःचे परवाच बारीक कापून घेतलेले. शेवटी तिने पुस्तक मिटलं, खेळण्यांच्या खोक्यातून जुन्या बॉलपेनची रिकामी रिफिल काढली, माझ्या ॲक्रिलिकच्या स्वेटरच्या बाहीवर सटासट घासली आणि बसच्या तिकिटाच्या तुकड्यांवर धरली. तुकडे टुणकन उडून रिफिलीला चिकटले. एक-दोन क्षण लोंबकळले आणि मग त्यातला एक असा काही फेकला गेला की जणू त्याला ढकललं. मी चकित झालो. कन्या म्हणाली, "चिकटला की त्याच्यावरही तोच चार्ज जातो. मग दोघं सारखे झाले. सारखे असले की पटत नाही." आईने मान डोलावली. तिला सासूसुनांबद्दल चाललंय असं वाटलं असावं.

शाळेतून चिठ्ठी आली की प्रयोगासाठी प्लॅस्टिकचा स्ट्रॉ आणावा. कोपऱ्यावरच्या रसवंतीत गेलो.

"स्ट्रॉ आहे का? प्लॅस्टिकचा?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "साहेब, बंदी आहे."

"पिण्यासाठी नको, घासायला हवाय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात. कागदी आहे, देऊ?"

१ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, आणि ते उत्तमच झालं. पण कागदी स्ट्रॉ घासून वीज निघत नाही, लगदा निघतो. कन्येने वर्गात रिफिलच नेली. बाकीच्यांच्या आईवडिलांनी ऑनलाइन किट मागवलं होतं. त्यातला स्ट्रॉही कागदीच निघाला, असं ऐकतो.

रिकाम्या रिफिलीचा हा कारभार तिला सुचला त्याचं श्रेय आयुकाला. नारळीकर सरांनी विद्यापीठाच्या आवारात उभ्या केलेल्या या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिची इमारत सुनीताबाई देशपांडे यांनी पुलंच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून झाली आणि तिचं नाव 'पुलस्त्य', सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं. अरविंद गुप्ता तिथे २००३ ते २०१४ होते, कचऱ्यातून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक मोटर आहे. टॉर्चचा सेल, त्याच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर एक लोहचुंबक आणि पिनांच्या भोकांत टेकवलेलं वाइंडिंग वायरचं छोटं वेटोळं. बोटाने जरा टिचकी मारली की भिरभिर फिरत राहतं.

ही मोटर घरी करायची असं आम्ही ठरवलं, म्हणजे कन्येने ठरवलं आणि सामान आणायचं मी. वाइंडिंग वायर तपकीर गल्लीत मिळाली. तिथे झुंबरापासून होल्डरपर्यंत सगळं मिळतं आणि चालायला जागा सोडून काहीही मागता येतं. सोबत एक साधं सर्किटही हवं होतं, म्हणून एलईडीसाठी पासोड्या विठोबापाशी एका दुकानात गेलो.

"एक एलईडी द्या."

"एक?" त्याने आत कोणाला तरी हाक मारून माझं दर्शन घडवलं. "एक मागतायत."

"मुलीचा प्रोजेक्ट आहे हो."

"सगळे बाबा हेच म्हणतात. मुली येताना दिसत नाहीत." मग त्याने विचारलं, "सेल कितीचा?"

"दीड व्होल्टचा. एक."

"नाही लागणार. लाललाही दोनच्या आसपास लागतात, पांढऱ्याला तीन. दोन सेल घ्या. आणि मध्ये रेझिस्टन्स टाका, नाहीतर उद्या परत याल."

"आणि तेव्हा एक मागू का?"

"तेव्हा आम्ही बंद असतो."

इतकं सगळं ज्ञान आणि शेवटी घेतलेले तीन एलईडी मिळून जे काही बिल झालं ते किरकोळ होतं. हे गृहस्थ शाळेत शिकवायला असते तर मी आज कुठच्या कुठे असतो.

घरी आल्यावर टेबलावर सगळं मांडलं. दोन सेल, रेझिस्टन्स, एलईडी, वायर. जोडलं. लागेना. आणि मग जे झालं ते तुमच्या घरीही झालेलं असणार. मी म्हणालो, "लूज कॉन्टॅक्ट आहे." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लूज कॉन्टॅक्ट असेल." वॉचमन पार्सल द्यायला आला होता, त्याने दारातूनच मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे." पुण्यात बंद पडलेल्या कोणत्याही वस्तूचं निदान याच शब्दांत होतं, मिक्सर असो, टीव्ही असो किंवा पक्षाची शहर कार्यकारिणी.

कन्येने वायर उचलून खिडकीपाशी उजेडात धरली. वाइंडिंग वायर दिसायला उघडी दिसते, लखलखीत तांब्याची, पण तिच्यावर वार्निशचा पारदर्शक थर असतो. तो असतो म्हणूनच वेटोळ्याचे वेढे एकमेकांना चिकटून बसले तरी शॉर्ट होत नाहीत. पण टोकाशी तोच आडवा येतो. तिने पट्टीवर वायर टेकवली आणि जुन्या ब्लेडने टोक खरवडायला घेतलं. तपकिरी भुकटी पडत गेली आणि खालून तांबं वर आलं, गुलाबीसर, नुकतं घासलेल्या देवाच्या ताम्हणाच्या रंगाचं. मोटरसाठी तर यात एक गंमतच आहे. वेटोळ्याचं एक टोक चारी बाजूंनी खरवडायचं, दुसरं फक्त तीन बाजूंनी. चौथ्या बाजूवर वार्निश तसंच ठेवायचं, म्हणजे दर फेऱ्यात क्षणभर करंट तुटतो आणि वेटोळं मधेच अडून न बसता पुढे जातं. सतत रेटा लावला असता तर ते जागच्या जागी थांबलं असतं. आमच्या ऑफिसात हे कोणीतरी सांगायला हवं.

तेवढ्यात काका खाली आले. सर्किट बघून म्हणाले, "करंट कुठून कुठे जातो सांगा बघू."

"प्लसकडून मायनसकडे."

"चूक!"

"पुस्तकात तसंच दिलंय."

"पुस्तकात बरोबरच दिलंय. पण चूक!"

प्रकार असा, की प्लस आणि मायनस ही नावं १७४७ च्या सुमारास दिली तीही आमच्या फ्रँकलिनसाहेबांनीच. वाहणारी वस्तू डोळ्यांनी दिसत नव्हती, म्हणून त्यांनी अंदाजाने एका बाजूला प्लस म्हटलं. दीडशे वर्षांनी, १८९७ साली, जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, तो निघाला मायनस. म्हणजे तारेत इलेक्ट्रॉन जातात मायनसकडून प्लसकडे आणि जगातली सगळी पुस्तकं बाण काढतात प्लसकडून मायनसकडे. तोवर एवढे बाण छापून झाले होते की बदलायचे कोणी? त्यामुळे दोन्ही बरोबर. अशा विषयावर पुण्यात दोन माणसं किती वेळ वाद घालू शकतात याला मर्यादा नाही. काका म्हणाले, बाण बदलायलाच हवेत. मी म्हणालो, अडीचशे वर्षांची परंपरा आहे. काका म्हणाले, परंपरा कसली, टर्कीचा शॉक बसलेल्या माणसाची आहे ती. मी म्हणालो, तो शॉक नंतरचा, नावं आधीची! मग काकांनी इलेक्ट्रॉन तारेतून किती हळू सरकतात ते सांगितलं. सेकंदाला मिलिमीटरभरही नाही. दिवा लगेच लागतो तो सगळे एकदम हलायला लागतात म्हणून. हे ऐकून आईला फार बरं वाटलं. गुडघे दुखत असले तरी आपण त्यांच्या पुढे आहोत, असं तिला समजलं.

या धामधुमीत कन्येने एलईडी काढून उलटा लावला. एलईडीत करंट एकाच बाजूने जातो; त्याचा लांब पाय प्लसला हवा होता, मी आखूड लावला होता, आणि वर वायरही न खरवडता. आता तो झगझगीत लाल लागला. थोडा वेळ लागून राहिला. कोणाचंच लक्ष नाही असं बघून तिने सेल वाचवायला तार काढून ठेवली आणि खेळायला गेली. वाद संपल्यावर मी टेबलाकडे वळलो आणि म्हणालो, "अजून लूज कॉन्टॅक्टच दिसतोय." आई म्हणाली, "अरे, लागला होता मघाशी. छान होता."

माणसांच्या हातात स्विच आला की सर्किट सोपं राहत नाही, याचा खरा पुरावा आमच्या जिन्यात आहे. आमच्या आणि काकांच्या मजल्यामधल्या दिव्याला टू-वे स्विच आहे. एक बटण आमच्या दारापाशी, एक वर त्यांच्या. दोन बटणांमध्ये दोन तारा. दोन्ही बटणं एकाच तारेवर टेकली की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर असली की विझतो. खालून लावून वर गेल्यावर बंद करा, वरून लावून खाली आल्यावर बंद करा. इतकी सोयीची, समजूतदार रचना दुसरी नाही. तिला फक्त समोरचा माणूस मान्य करावा लागतो, कारण अमुक बाजू म्हणजे चालू आणि तमुक म्हणजे बंद असं तिच्यात काहीच नसतं. ते दुसऱ्याने काय करून ठेवलंय त्यावर.

हे सेक्रेटरींना पसंत नव्हतं. जिन्यातला दिवा रात्रभर जळतो म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'बटण वर असताना दिवा बंद असतो. सर्वांनी बटण वरच ठेवावे.' त्यांनी बघितलं तेव्हा ते खरंही होतं. आमच्याकडे शिस्त आहे. मी खालचं बटण वर केलं, काकूंनी वरचं बटण वर केलं, दोन्ही बटणं एकाच तारेवर आली आणि जिन्यात नंदादीप सुरू झाला. जो तो येऊन आपलं बटण वर आहे ना, एवढं तपासून समाधानाने घरी जायचा. वीजबिल आल्यावर तातडीची सभा झाली. सभेत काकांनी पाटीच्याच पाठीमागे आकृती काढून दाखवली. सेक्रेटरींनी आकृती नीट पाहिली आणि पाटीच्या मागे विनापरवानगी लिहिल्याबद्दल निषेध नोंदवला.

पाटी उतरली. मग एका रात्री दहाच्या सुमारास मी दार उघडलं तर दिवा चालू. बटण दाबलं. दिवा तसाच. वरून आवाज आला, "मी आत्ताच बंद केला होता!"

"मीपण!"

"मग राहू द्या, मी करतो."

"नको नको, तुम्ही कशाला, मीच करतो."

दोघांनी एकदम दाबलं. दिवा तसाच. "तुम्ही हात काढा!" काका ओरडले. मी हात काढला. त्यांनीही, माझा मान ठेवून, हात काढला. बराच वेळ दोघेही सभ्यपणे थांबलो आणि मग एकमेकांना ताटकळत ठेवायला नको म्हणून पुन्हा एकदम दाबलं. तळमजल्यावरच्या वहिनी बाहेर आल्या. सेक्रेटरी पायजम्यात बाहेर आले. दिवा चालू होता म्हणून सगळे सगळ्यांना व्यवस्थित दिसत होते.

सकाळी नवी पाटी होती: 'जिन्यातील दिव्याचे बटण दोघांनी एकाच वेळी दाबू नये.'

दुपारपर्यंत तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'वर दुसरा बटण दाबत आहे हे अंधारात कसे कळावे?'

आणि त्याखाली, सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात: 'दिवा लावून पाहावे.'